पोफळी मोडल्या, पंचनामा हेक्टरात

३ जून २०२० ची संध्याकाळ. मुंबई वाचली, असं म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं. त्या वेळी श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यात वीज नव्हती, फोन लागत नव्हते, रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती. काय गेलं हे सांगायचं म्हटलं तरी सांगणार कसं? वादळाचं नाव होतं ‘निसर्ग’. ते बांगलादेशने सुचवलेलं. कोकणातल्या माणसाला त्यातला विनोद काही फारसा रुचला नसेल.

वादळाची वाट तशी साधी होती. १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचा तीव्र पट्टा तयार झाला, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं. आधी ते उत्तरेकडे सरकलं, मग ईशान्येला वळलं आणि ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारे ताशी ११० ते १२० किलोमीटरचे. हवामान खात्याचा अंदाज चांगला उतरला होता. करोनाची टाळेबंदी असतानाही हजारो लोकांना सुरक्षित जागी नेण्यात आलं. एवढ्या मोठ्या वादळात मृत्यूंचा आकडा लहान राहिला, याचं श्रेय यंत्रणेला द्यायलाच हवं.

तिचं गणित चुकलं ते नंतर.

दक्षिण रायगड आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर शेती म्हणजे वाडी. घराच्या मागे दहा-पंधरा गुंठे जागा. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळींच्या सावलीत जायफळ, खोडांवर चढलेले मिरवेल, पाटाच्या कडेला केळी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला बाजारात नाव आहे, ते अशाच वाड्यांमुळे. एकाच जमिनीवर तीन-चार मजली उत्पन्न! ही वाडी आजोबा लावतात आणि नातू खातो.

‘फयान’ चक्रीवादळ २००९ मध्ये येऊन गेलं होतं, पण तेव्हा वाड्या ‘निसर्ग’मध्ये झाल्या तशा भुईसपाट झाल्या नव्हत्या. आंब्याची फांदी मोडली तर झाड पुन्हा फुटतं. माडा-पोफळीला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याला. शेंडा मोडला की झाड संपलं. शिवाय माड पडला की खालच्या जायफळावरचं छप्परही जातं, मग न पडलेलं झाडही उन्हाने करपतं. पंचनाम्याच्या कागदावर या करपण्याला रकाना कुठला?

सरकारने बागायतीसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. दहा गुंठ्यांची वाडी साफ झाली तर हातात ५ हजार. पडलेले माड करवतीने कापून, ओढून बाहेर काढायची मजुरी तरी त्यात भागते का?

ओरड झाल्यावर निकष बदलले: सुपारीला झाडामागे ५० रुपये, नारळाला २५०. झाड मोजायचं ठरलं, हे पाऊल योग्य दिशेचं होतं. पण हिशेब करून पाहा. पावणेतीन मीटरच्या अंतराने लावलेल्या दहा गुंठ्यांत साधारण १३५ पोफळी बसतात. सगळ्या पडल्या तर पावणेसात हजार. माड आणि जायफळ धरून आकडा थोडा वर सरकेल, एवढंच. एका पोफळीची किंमत ५० रुपये, हे कोणत्या बाजारात ठरलं असावं?

भरपाई द्यायचीच तर ती गेलेल्या वर्षांची द्यायला हवी. भात बुडालं तर पुढच्या खरिपात पुन्हा लावता येतं. भातखाचराची मोजपट्टी वाडीला लावण्यात म्हणूनच चूक आहे. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, उंच माडाला त्याहून थोडी जास्त. तेवढी वर्षं दरवर्षी थोडी रक्कम, रोपं आणि वाडी साफ करायला मजूर, अशी मदत कोकणासाठी वेगळी बांधता येईल. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ चक्रीवादळ याच किनाऱ्याला समांतर वर गेलं, त्यामुळे हा प्रश्न पुन्हा कधीतरी येईल म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही.

२०२० च्या पावसाळ्यात ज्यांनी मोडलेल्या वाडीत पुन्हा रोपं लावली, त्यांच्या पोफळींना पहिला घड २०२६-२७ च्या सुमारास लागेल. तोपर्यंतची सगळी वर्षं त्यांनी आपल्या खिशातून काढायची आहेत.