छातीवरचं डेकोरेशन

‘डेकोरेट’चा अर्थ शोधायला गेलं की शब्दकोश ‘अडॉर्न’कडे बोट दाखवतो, ‘अडॉर्न’ शोधलं की पुन्हा ‘डेकोरेट’कडे. मग एखादा मुलगा निबंधात ‘वी अडॉर्न्ड द क्लासरूम’ लिहून मोकळा होतो. व्याकरणात काही चुकलेलं नसतं, पण कानाला खटकतं ते खटकतंच.

डेकोरेट हे अंगमेहनतीचं काम. केक, खोली, ख्रिसमसचं झाड. उघडंबोडकं दिसतंय म्हणून कुणीतरी बाह्या सरसावून त्यावर काही चढवायचं. आपला मंडप डेकोरेटर कनाती आणि झालरी घेऊन येतो. इंग्लंडात डेकोरेटर बोलावलात तर तो रंगाचे डबे आणि वॉलपेपरच्या गुंडाळ्या घेऊन दारात उभा राहील! अडॉर्नला असा कामकरी लागतोच असं नाही. केसांतलं फूलही केसांना अडॉर्न करतं. शिवाय ज्याला सजवायचं ते मुळात देखणं किंवा मानाचं आहे, हे त्यात धरलेलंच असतं. म्हणून तो शब्द दागिन्यांच्या जाहिरातीत शोभतो, बाथरूमच्या फरशांच्या जाहिरातीत मात्र हसू आणतो.

फौजेत मात्र पारडं उलटं फिरतं. तिथे मान डेकोरेटकडे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘डेकुस’मध्ये शोभा आणि प्रतिष्ठा दोन्ही आहेत. शौर्यपदकाला इंग्रजीत ‘डेकोरेशन’ म्हणतात ते त्यामुळेच. आता परमवीरचक्र पाहा. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या सावित्री खानोलकरांनी त्याची रचना केली. मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, वर साधी जांभळी फीत. चकती कांस्याची, सोन्याचा किंवा खड्यांचा पत्ता नाही. सराफाच्या काट्यावर त्याला काय भाव येणार? पण 1948मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढणाऱ्या रामा राघोबा राण्यांना ते मिळालं, आणि ते ‘डेकोरेटेड’ ठरले. असा माणूस घरी बनियनवर बसलेला असो, पदक कपाटात असो, विशेषण सुटत नाही.

उलट, ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणलेली पदकं छातीभर लावून पडद्यावर येणाऱ्या नटाला अडॉर्न्ड म्हणा हवं तर. डेकोरेटेड म्हणायचं असेल, तर आधी त्याला राष्ट्रीय पुरस्कार तरी मिळू द्या.

— टीपकागद