ट्रॉलीवर टाकू, आठ किलोमीटर तर जायचंय!

मंडळी, आपल्याकडे कुठलंही काम बिघडवायचं असेल तर एक वाक्य पुरतं : "त्यात काय एवढं?" आमच्या ऑफिसात ते शुक्रवारी संध्याकाळी ऐकू येतं. "दोन ओळींचा तर बदल आहे, टाक प्रॉडक्शनवर!" मग शनिवार-रविवार कोण घरी बसून रडतं ते तुम्हाला माहीत आहे. हेच वाक्य मी मे महिन्यात बदलापूर गावात ऐकलं. माझ्याच तोंडून.

आधी पार्श्वभूमी सांगतो. बदलापूर गाव म्हणजे स्टेशनलगतच्या टॉवरांचं कुळगाव नव्हे, उल्हास नदीकडचं जुनं गाव. तिथे एका मित्राच्या काकांच्या पडवीत एक 'बादल' उभी आहे. ढग नव्हे हो, गाडी! सत्तरच्या दशकात बंगलोरच्या सनराइज नावाच्या कंपनीने काढलेली ही छोटी कार. पुढे एक चाक, मागे दोन, फायबरग्लासची बॉडी आणि मागच्या बाजूला 198 सीसीचं इंजिन. म्हणजे स्कूटरच्या ताकदीवर अख्खं कुटुंब. काकांनी ती सेकंडहँड घेतली आणि अंबरनाथच्या कारखान्यात ड्युटीला जायला वर्षानुवर्षं वापरली. नंतर पार्ट मिळेनासे झाले आणि गाडी पडवीत गेली.

पडवी आणि नदी यांच्यात फार अंतर नाही. 2005 च्या 26 जुलैला पाणी आलं होतं. 2019 च्या 27 जुलैला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्या दिवशीही पडवीत गुडघाभर पाणी होतं. त्यामुळे या वर्षी ठरलं की पावसाच्या आत गाडी अंबरनाथ एमआयडीसीत न्यायची. तिथे एक ओळखीचा माणूस फायबरचं काम करतो. अंतर आठ किलोमीटर.

मी म्हटलं, "काका, तुम्ही काळजी करू नका. एवढीशी तर गाडी आहे, ट्रॉलीवर टाकू. त्यात काय एवढं?"

मग झालं ते असं. एका ओळखीच्याकडून जनरेटर वाहायची ट्रॉली आणली आणि जीपला हुक लावला. गाडी चढवायला दोन फळ्या आणल्या आणि तिथेच लक्षात आलं की तिला चाकं तीन आहेत. पुढचं चाक बरोबर मधोमध, म्हणजे दोन फळ्यांच्या मधल्या पोकळीत! मग पडवीतलाच एक जुना दरवाजा तिसरी फळी म्हणून घातला. गाडी तोंड पुढे करून चढवली आणि नायलॉनची दोरी छपरावरून आवळून बांधली. अंबरनाथच्या रस्त्याला लागून वेग चाळीसच्या वर गेला न गेला तोच ट्रॉली शेपूट हलवायला लागली. आधी जरा, मग चांगलीच. शेजारून एक बाई स्कूटरवर मुलाला घेऊन चालल्या होत्या. त्यांच्यापासून ट्रॉली हातभर अंतरावरून गेली. जीप कशीबशी थांबवली तोवर दोरीने छपराला दीड फुटाची चीर पाडली होती.

काका मागून रिक्षाने येत होते. उतरले, चिरेवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "अरे, मी हिला इतकी वर्षं चालवली, हिला ओरखडा नव्हता."

मला छपराची चीर आठवत नाही, ती स्कूटर आठवते. म्हणून हा सगळा लेखनप्रपंच. माझं म्हणणं सरळ आहे. जुनी छोटी गाडी 'छोटी' आहे म्हणून आपण तिच्या वाहतुकीबद्दल जो निष्काळजीपणा करतो तो गुन्हा आहे, आणि त्याला 'जुगाड' म्हणून टाळ्या वाजवणं बंद झालं पाहिजे.

आता विरोधी पक्षांकडे येतो. ते तीन आहेत.

पहिला पक्ष : "गाडी चालवण्यासाठी असते, चालवत न्या." ऐकायला फार मर्दानी वाटतं. पण वीस वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक, टायर, रबरी पाइप कुठल्या अवस्थेत असतात हे या लोकांनी कधी खाली वाकून पाहिलंय का? शिवाय खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांनी रिन्यू करावं लागतं. ते संपलेलं असेल तर ती गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, विषय संपला.

दुसरा पक्ष : "दोरीने ओढा." मागच्या गाडीत बसणाऱ्याला ब्रेक नाहीत, वळणावर दोरी सैल पडते, मग झटका बसतो. तीनचाकीला तो झटका तिरका बसला तर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. यावर आणखी बोलायची इच्छा नाही.

तिसरा पक्ष : "छोटा हत्ती मागवा, आत टाका." हा पक्ष जरा शहाणा आहे, पण त्याने टेप लावलेली नसते. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद. जगातली सगळ्यात प्रसिद्ध मायक्रोकार घ्या, बीएमडब्ल्यूची इसेटा. (1956 च्या सुएझ पेचानंतर युरोपात पेट्रोलची बोंब झाली तेव्हा असल्या गाड्यांचे दिवस आले. इसेटा दीड लाखाहून जास्त बनल्या.) तिची लांबी सव्वादोन मीटरच्या थोडी वर, म्हणजे साडेसात फूट. रुंदी साडेचार फूट. म्हणजे मागचं फळकं बंद होणार नाही आणि दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा. पट्टा बांधायला हात कुठून घालणार? मेसरश्मिट तर पावणेतीन मीटरहून लांब. 'छोटी' हा शब्द माप नव्हे. माप फुटात असतं.

मग ट्रॉली घ्यायची तर कशी? आमचं काय काय चुकलं ते सांगतो, म्हणजे तुमचं चुकणार नाही.

एक, हौदा सलग सपाट हवा. परदेशी व्हिडिओ बघून लोक दोन पट्ट्यांची ट्रॉली बनवून घेतात. ती चार चाकांच्या सरळ गाडीला ठीक. बादलला मधलं चाक आहे आणि इसेटाची मागची दोन चाकं इतकी जवळजवळ आहेत की पुढच्या चाकांच्या रेषेत येतच नाहीत. अशा गाड्यांना सलग चेकर्ड प्लेट आणि पूर्ण रुंदीचा रॅम्प हवा. रॅम्प लांबही हवा, कारण चाकं लहान आणि पोट जमिनीला टेकलेलं.

दोन, वजन कुठे पडतंय ते बघा. शेपूट हलण्याचं खरं कारण हे होतं. इंजिन मागे, आम्ही चढवली तोंड पुढे करून, म्हणजे सगळा भार ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलच्या मागे. हुकावर वजन येण्याऐवजी हुक वर उचलला जात होता. ढोबळ नियम असा की एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हुकावर यावा. हिशेबाला सोपं म्हणून गाडी 400 किलो आणि ट्रॉली 180 किलो धरा. एकूण 580, म्हणजे हुकावर 58 किलो. हुक ते अ‍ॅक्सल अडीच मीटर असेल तर सगळ्या वजनाचा मध्य अ‍ॅक्सलच्या 25 सेंटिमीटर पुढे हवा. मागे इंजिन असलेली गाडी म्हणूनच बहुधा उलटी, पाठ पुढे करून चढवावी लागते. मोजायला बाथरूममधला वजनकाटा हुकाखाली ठेवला तरी भागतं. पाच मिनिटांचं काम! इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मोमेंट शिकलेला मी, आणि मला हे सुचलं नाही.

तीन, बॉडीला बांधू नका. फायबरवरून दोरी आवळणं म्हणजे अंड्याला सुतळी बांधणं. रुंद रॅचेट पट्टे घ्या, ते चाकांवरून किंवा अ‍ॅक्सलवरून टाका, चाकांपुढे-मागे लाकडी गुटके ठोका आणि दोन-तीन किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणा. थांबलात की ट्रॉलीच्या हबला हात लावून बघा. हात भाजला तर बेअरिंग गेलं.

चार, कागद. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याला वेगळा नंबर लागतो, वेगळा विमा लागतो. गल्लीतल्या फॅब्रिकेटरने रविवारी वेल्ड करून दिलेल्या ट्रॉलीला यातलं काही नसतं. त्या स्कूटरला धक्का लागला असता तर मी कुठला कागद दाखवणार होतो? आणि जीपच्या मॅन्युअलात ट्रेलर ओढण्याबद्दल काय लिहिलंय ते मी नंतर वाचलं. "ओढू नये" असं लिहिलंय.

म्हणून वर्षातून दोनदा गाडी हलवणाऱ्या माणसाने स्वतःची ट्रॉली घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हायड्रॉलिक फ्लॅटबेड मागवा. हौदा सलग असतो, जमिनीपर्यंत तिरका उतरतो, विंच असते, मागे हलणारी शेपूट नसते. "आठ किलोमीटरला एवढे पैसे?" हो, एवढे. दोन वीकेंडच्या हॉटेलिंगमध्ये बसतात. पुढच्या आठवड्यात आम्ही तेच केलं आणि अर्ध्या तासात गाडी अंबरनाथला पोचली.

आता शेवटचा राग, आणि हा सरकारवर. 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी, 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट, 20,000 रुपये फी, दहा वर्षांची मुदत, रॅली आणि प्रदर्शनापुरती रस्त्यावर परवानगी. उत्तम! पण व्याख्या वाचा : दुचाकी आणि चारचाकी. तीन चाकांचं नावच नाही. म्हणजे एखाद्या संस्थानिकाची आठ सिलिंडरची गाडी वारसा, आणि कारखान्यातल्या माणसाने पगारातून घेतलेली बादल त्या यादीत बसतच नाही. आता या गाड्या एकेक करून पन्नाशीला पोचताहेत. व्याख्येत एक शब्द वाढवायला किती वेळ लागतो?

हे महत्त्वाचं का, तर आपण एकदा हे गमावलेलं आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 मध्ये 'मीरा' नावाची छोटी कार बनवली आणि पुढे वीसेक वर्षं तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. उत्पादन काही झालं नाही. आज किती मराठी पोरांना तिचं नाव माहीत आहे? छोट्या गाड्या कोणी मोडत नाही हो. "त्यात काय एवढं" म्हणत त्या इकडून तिकडे ढकलल्या जातात आणि एक दिवस भंगारात निघतात.

असो. बदलापूरला पूर्वी घोडे बदलत, म्हणून गावाचं नाव बदलापूर, असं तिथले लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण दमलेला घोडा तसाच पुढे दामटायचा नाही, एवढी अक्कल त्या काळी होती म्हणायची.

छपराची चीर भरून झालीय, रंग बाकी आहे. खर्च मी देतोय. काकांनी एकच अट घातलीय : घरी आणायच्या दिवशी मी फक्त फ्लॅटबेडवाल्याला फोन करायचा आणि गप्प उभं राहायचं. मंजूर! :-)