पागेच्या भिंतीला चुनाच हवा

जुन्या पागेच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक पाहिले, तर त्यात बहुतेक वेळा तीच तीन कामे असतात: दगडांच्या दर्जा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरणे, आतून सिमेंटचा गिलावा करणे आणि जमिनीला कोबा घालणे. काम लवकर उरकते, भिंत नव्यासारखी दिसते आणि बिलही अडत नाही. पण चुन्यात बांधलेल्या दगडी पागेचे याहून जास्त नुकसान करणारी दुरुस्ती क्वचितच असेल. पागा किल्ल्यावरची असो, जुन्या सरदार घराण्याच्या वाड्यामागची असो, की अकलूज किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून जनावरे आणून वडिलोपार्जित इमारतीत ठेवणाऱ्या आजच्या घोडेमालकाची असो, तिची भिंत सिमेंटने वाचत नाही. ती चुन्याने वाचते, आणि चुन्याचे काम नीट व्हायचे तर आपल्याकडे कामांना पैसे मिळण्याचे वेळापत्रकही बदलावे लागेल.

पागेची भिंत घराच्या भिंतीसारखी नसते, इथून विचार सुरू करायला हवा. साडेचारशे किलोचा घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो आणि पाच ते दहा लिटर मुततो. दहा घोड्यांच्या पागेत रोज पन्नास ते शंभर लिटर मूत्र जमिनीवर पडते आणि त्यातले बरेचसे जोत्याकडे झिरपते. मूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो, मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट भिंतीतल्या चुन्याशी संयोग पावून क्षार बनतात. खेड्यात ‘भिंतीला लोणा लागला’ म्हणतात, तो हाच. एके काळी युरोपात आणि आपल्याकडे बिहारमध्ये गोठ्या-तबेल्यांच्या जमिनी आणि भिंती खरवडून त्यातून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत, इतका हा क्षार तिथे भरपूर साठतो. त्याचा स्वभाव त्रासदायक आहे. पावसाळ्यात तो हवेतली ओल ओढून विरघळतो, उन्हाळ्यात सुकून त्याचे स्फटिक होतात, आणि स्फटिक होताना तो भोवतालचा गिलावा, वीट, सच्छिद्र दगड आतून फोडतो. दख्खनच्या हवेत हे चक्र दरवर्षी न चुकता फिरते.

चुन्याची दर्जा हे सगळे सोसते. चुना मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे भिंतीतली ओल सांध्यांवाटे बाहेर पडून वाळते, क्षारही तिथेच येऊन साठतो आणि झिजायची असते ती दर्जा झिजते, दगड नाही. काही दशकांनी दर्जा उकरून पुन्हा भरायची, एवढाच या व्यवस्थेचा खर्च. सिमेंटची दर्जा नेमकी ही वाट बंद करते. आपला काळा दगड घट्ट असतो, पाणी फारसे शोषत नाही. त्यामुळे दगडी भिंतीला श्वास घ्यायला सांधा हीच काय ती जागा असते, आणि ती बुजवली की ओल भिंतीच्या पोटात अडकून जुना चुना आणि मातीचा भराव विरघळवत राहते. बाहेरून भिंत टणक दिसते, आतून ती पोकळ होत जाते आणि एखाद्या पावसाळ्यात पोट काढून बाहेर येते. पुण्याकडच्या वाड्यांसारखी खाली दगड आणि वर वीट अशी भिंत असेल, तर विटांचे पापुद्रे सुटतात. कोकणातल्या जांभ्याचे आणखी वाईट होते. सिमेंटचे सांधे उभे राहतात आणि त्यांच्यामधला चिराच झिजून आत जातो. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचे विद्राव्य क्षार असतात, म्हणजे आधीच क्षाराने भरलेल्या भिंतीत आपण आणखी क्षार घालतो.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप मजबुतीचा आहे, आणि महाराष्ट्रात तो हलक्याने घेता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी घरांच्या भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. त्यानंतर दगडी भिंत म्हटली की मनात भीती येते, ती साहजिक आहे. पण त्या भिंती का पडल्या हे नीट पाहिले पाहिजे. त्या मातीत रचलेल्या डबराच्या होत्या, दर्शनी आणि आतली अशा दोन थरांच्या होत्या, दोन थरांना बांधणारे आरपार दगड त्यांत जवळजवळ नव्हते, आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचे प्रचंड वजन होते. धक्का बसताच दोन थर एकमेकांपासून सुटले. आता अशा भिंतीला बाहेरून इंच-दीड इंच खोल सिमेंटची दर्जा भरल्याने काय होणार? दोन थर तसेच सुटे राहतात, फक्त ते सुटत चालल्याचे दाखवणाऱ्या भेगा झाकल्या जातात. अशक्त दगडी बांधकामासाठीचे भारतीय मानक आयएस 13828 उंचीत दर दोन फुटांवर आणि आडव्यात चार फुटांच्या आत आरपार दगड घालायला सांगते, कोपरे बांधायला सांगते, भिंतीवरून पट्टे फिरवायला सांगते. खरी मजबुती त्यातून येते. जोत्याला किंवा छताखाली काँक्रीटचा पट्टा लागणार असेल तर तिथे सिमेंट जरूर वापरावे, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. विरोध आहे तो भिंतीच्या सांध्यांत आणि अंगावर सिमेंट चढवण्याला.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. सिमेंटचा गुळगुळीत गिलावा धुता येतो, म्हणून तो जनावरांना बरा, असे तबेलामालक म्हणतात. पण धुतलेले पाणी जोत्यात मुरते आणि गिलाव्यामागे अडकते, हे त्यात सुटते. ओल्या भिंतींच्या कोंदट तबेल्यात अमोनियाचा दर्प जमिनीलगत साचतो, आणि चारा खाताना घोड्याचे नाक तिथेच असते. जमिनीवर झोपणाऱ्या शिंगराला त्याचा त्रास सर्वांत जास्त. याउलट ताज्या चुन्याची सफेती तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे जंतू मारते. हा गुण चुना हवेतला कार्बन डाय ऑक्साईड घेऊन पुन्हा चुनखडी होईपर्यंतच टिकतो, म्हणून सफेती वर्षातून एकदा तरी द्यावी लागते, आणि ती सुकेपर्यंत जनावरे बाहेर बांधावी लागतात. घोड्याच्या लाथेने चुन्याचा गिलावा निखळतो हेही खरे, पण त्यावर छातीएवढ्या उंचीपर्यंत लाकडी फळ्या, भिंतीपासून थोडे अंतर ठेवून मारणे, हा साधा उपाय आहे. घोड्याच्या पायालाही लाकूडच बरे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. चुना जाणणारे गवंडी कमी उरले, कळीचा चुना विझवून हौदात मुरवायला आठवडे लागतात, आणि चुन्याच्या कामाला ठेकेदार तयार होत नाही. यातले कोणतेच कारण खोटे नाही. पण चुना ही काही हरवलेली विद्या नाही. बांधकामाच्या चुन्याला आयएस 712 हे भारतीय मानक आजही आहे. त्यात पाण्यात घट्ट होणाऱ्या चुन्यापासून नुसत्या हवेत घट्ट होणाऱ्या चुन्यापर्यंतचे प्रकार वेगळे केले आहेत, आणि कोकणासारख्या ठिकाणी कोणता घ्यायचा हे त्यावरून ठरवता येते. विटांची सुर्खी घातली की साधा चुनाही ओलीत धरतो. अनेक किल्ल्यांवर चुन्याच्या घाणी अजून जागेवर आहेत. काम जिथे, चुना तिथेच मळण्याची पद्धत त्या दाखवतात. गवंडी कमी आहेत कारण काम कमी निघते. चार वर्षे सलग काम निघाले तर माणसे शिकतील.

मात्र हे काम कोणत्या महिन्यात निघते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. चुन्याला हळूहळू सुकायला कोरडी पण फार तापलेली नसलेली हवा लागते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा त्याचा काळ. दर्जा भरल्यावर कित्येक दिवस ओली पोती टांगून ती जपावी लागते. आपल्याकडे सार्वजनिक कामांचा निधी मार्चअखेरीस खर्ची पडतो आणि प्रत्यक्ष काम एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात सुरू होते. चुना कडक उन्हात भाजून भुसभुशीत होतो, आणि जूनच्या पावसात तो धुऊन जातो. मग ‘चुना टिकत नाही’ असा शेरा फायलीवर बसतो आणि पुढच्या वेळी सिमेंट येते. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीला गेलेले शिवकालीन पत्र या संदर्भात आठवते. पावसाळा संपेपर्यंत पुरेल असा दाणा-वैरण आधीच जपून ठेवा, गवताजवळ आगटी पेटवू नका, दिवा उघडा ठेवू नका, उंदराने वात पळवली तर पागा जळेल, इतक्या बारकाईने त्यात घोड्यांची काळजी केली आहे. त्या कारभाराला पावसाळा कधी येतो हे ठाऊक होते आणि हुकूम त्याआधी निघत होते. आजच्या निविदेला एवढे तरी जमले पाहिजे.

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यात तमिळनाडूतला जिंजीही आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे 2014 चे संवर्धन धोरणही पारंपरिक साहित्य आणि कारागिरीला महत्त्व देते. पण या यादीबाहेरच्या, गावोगावच्या वाड्यांमागच्या आणि देवस्थानांच्या पागांना कोणतेच धोरण लागू होत नाही. त्यांची दुरुस्ती मालक, विश्वस्त आणि ग्रामपंचायत यांच्या हातात आहे. जिल्हा परिषदांनी आणि बांधकाम विभागाने चुन्याच्या कामाचे दर आपल्या दरसूचीत स्पष्ट लावावेत, काम हिवाळ्यात सुरू होईल अशी मंजुरी पावसाळ्याआधीच द्यावी, आणि ज्या ठेकेदाराने सिमेंटची दर्जा भरली त्याचे काम चुकीचे म्हणून परत करावे. खासगी मालकांनी गवंडी बोलावण्याआधी तीन गोष्टी कराव्यात: भिंतीला टेकलेला उकिरडा दूर हलवावा, छपराचे पाणी जोत्यापासून लांब जाईल असे गटार काढावे, आणि सांध्यात रुजलेला पिंपळ नुसता वरून न छाटता त्या भागातले दगड उतरवून मुळासकट काढावा. सिमेंटला हात लावायचाच असेल तर तो या गटारासाठी लावा, भिंतीला नको.