तापलेले इंजिन आणि निरपराध स्टार्टर

उन्हाळा लागला की आपल्या व्यवसायबंधूंच्या कार्यशाळांत एक तक्रार ठरलेल्या शब्दांत रुजू होते : जुनी पिकअप सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते, माल घेऊन बाजारसमितीपर्यंत निर्वेध जाते, तेथे पंधरा-वीस मिनिटे उभी राहते आणि मग सेल्फ घेत नाही, तासाभराने, कोणी हात लावला नसताही, पुन्हा घेते. यावरचा सर्वमान्य फैसला असा की स्टार्टर गरम होतो, सबब तो उतरवून बांधून घ्यावा किंवा नवा घालावा. आणि या फैसल्याची अंमलबजावणी झाल्यावर काही महिन्यांनी तेच वाहन, तोच मालक व तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहिल्याचा अनुभव ज्याला नाही, असा वाचक आमच्या वर्गणीदारांत विरळाच असेल.

उष्णतेचा या प्रकरणात हात नाही, असे आमचे म्हणणे नाही. इंजिन बंद होताच पंखा थांबतो, वाऱ्याचा झोत थांबतो, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये साठलेली उष्णता शेजारच्या सोलेनॉइडमध्ये मुरत जाते. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. म्हणजे वेटोळे १०० अंशांनी तापले, की त्याच दाबाखाली त्यातून वाहणारा प्रवाह २८ टक्क्यांनी घटतो, आणि चुंबकाची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे प्लंजर खेचणारे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. परंतु वाहन नवे असतानाही सोलेनॉइड असाच तापत होता, आणि तरीही तो आपले काम बजावीत होता, कारण त्याच्या रचनाकारांनी या घटीची तरतूद आधीच केलेली होती. ती तरतूद वीस-पंचवीस वर्षांत खाल्ली कोणी, हा तपासाचा खरा विषय होय. किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतच्या वाटेत काळवंडलेले संपर्क व सैल जोड मिळून १२ व्होल्टांतले दोन व्होल्ट गिळू लागले, तर तापलेल्या वेटोळ्याला मूळ बळाच्या जेमतेम एकतृतीयांशावर काम भागवावे लागते. नागपूर-चंद्रपूरकडील ४५ अंशांचे ऊन या हिशेबात किरकोळ भर घालते एवढेच; कारण २५ आणि ४५ या दोन हवांमधील अंतराने रोध वाढतो तो आठ टक्क्यांच्या आतबाहेर.

या व्याधीचे अभिजात उदाहरण अमेरिकेतील जुन्या शेव्हरोले पिकअपचे. १९५५ साली अवतरलेल्या त्यांच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिनाचा स्टार्टर उजव्या बाजूस खाली, एक्झॉस्टच्या कुशीत बसतो, व सोलेनॉइड त्याच्याच पाठीवर असतो. हौशी मालकांनी मूळ मॅनिफोल्ड काढून पातळ नळ्यांचे हेडर बसविले, की त्या नळ्या त्याच्या आणखी निकट येतात. फोर्डने दीर्घकाळ अनुसरलेली रीत याच्या उलट : स्टार्टरचा मुख्य प्रवाह जोडणारा सोलेनॉइड बॅटरीजवळ, मडगार्डच्या आतल्या अंगास, उष्णतेपासून दूर. शेव्हरोलेच्या गाडीत फोर्डचा सोलेनॉइड बसविण्याचा तोडगा अमेरिकन कारागिरांत यातूनच रूढ झाला. तो लागू पडतो; मात्र त्याचे श्रेय स्थलांतरापेक्षा, मोडकळीस आलेल्या जुन्या तारेवरचा भार उतरतो, यालाच अधिक आहे, असे आमचे मत आहे.

तेव्हा पान्याला हात घालण्यापूर्वी मीटर काढावा, आणि तोही तक्रार हजर असताना, म्हणजे इंजिन तापलेले असताना; थंड गाडीवर घेतलेल्या मोजमापाचा पुरावा या मामल्यात ग्राह्य नाही. प्रथम लक्षण नीट ऐकावे. इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तर दोष इंधनाचा किंवा इग्निशनचा आहे आणि स्टार्टर त्यातून तत्काळ मुक्त करावा. इंजिन जड, रखडत फिरते, तर झिजलेले बुश, पोलवर घासणारे आर्मेचर, पेट्रोल इंजिनात अवाजवी पुढे घेतलेला टायमिंग, आणि सर्वांत आधी अर्थची पट्टी यांची झडती घ्यावी. नुसताच ‘टक’ होतो किंवा तोही होत नाही, तर किल्लीची वाट मोजावी. बॅटरीचा धन खांब आणि सोलेनॉइडचा मोठा स्टड यांच्यामध्ये, सेल्फ मारीत असताना, अर्ध्या व्होल्टापेक्षा अधिक घट दिसू नये. ऋण खांब आणि स्टार्टरचे अंग यांच्यामध्ये पाव व्होल्टापेक्षा अधिक नको. आणि धन खांबापासून सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलपर्यंत ती एक व्होल्टाच्या वर गेली, तर गुन्हेगार किल्ली, न्यूट्रल वा क्लच स्विच, किंवा मधला एखादा जोड यांपैकीच कोणी असणार. स्टार्टरवर हातोडीने ठोकण्याची जी परंपरा गुरुशिष्यक्रमाने चालत आली आहे, ती कायम चुंबकाच्या नव्या स्टार्टरांपुरती तरी बरखास्त करावी, कारण त्या आघाताने आतील चुंबक तडकतात. थंड पाणी ओतण्याविषयी न बोललेले बरे.

दोष या लहान टर्मिनलच्या वाटेत ठरला, तर उपाय स्वस्त आहे. बॅटरीपासून फ्यूजमार्गे एक जाड तार रिलेत आणावी, तेथून ती लहान टर्मिनलला द्यावी, आणि किल्लीच्या जुन्या तारेने फक्त रिले चालवावा. त्या तारेवर मग अर्ध्या अँपिअरहूनही कमी भार उरतो. अमेरिकन पद्धतीने दूरस्थ सोलेनॉइड बसविणाऱ्यांनी मात्र एक सावधगिरी बाळगावी : स्टार्टरचे मोठे व लहान टर्मिनल पट्टीने एकत्र जोडण्याची सोपी युक्ती कायम चुंबकाच्या स्टार्टरला चालत नाही, कारण किल्ली सोडल्यावरही फिरती मोटर स्वतःच जनित्र होऊन सोलेनॉइडला धरून ठेवते आणि पिनियन रिंगमधून वेळेवर सुटत नाही. उष्णतेची ढाल लावायची ती पत्र्याची, आणि दोन्ही अंगांना हवा खेळेल अशी; स्टार्टरला घट्ट गुंडाळलेले वेष्टन त्याची स्वतःची उष्णताही कोंडून ठेवते. पुष्कळ गाड्यांना अशी ढाल कारखान्यातूनच आलेली असते व ती पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत ‘उरलेला पत्रा’ म्हणून भंगारात गेलेली असते. नवी घडविण्यापूर्वी मूळची होती काय, एवढे पाहावे.

आमची वाचकांस विनंती एवढीच, की या हंगामात स्टार्टर उतरविण्यापूर्वी वरील तीन मोजमापे जॉबकार्डावर लिहावीत, दुरुस्तीनंतर इंजिन तापलेले असतानाच ती पुन्हा घ्यावीत, आणि दोन्ही नोंदींचा कागद बिलासोबत मालकाच्या हाती द्यावा.