सेवा कोणाची, अनुभव कोणाचा?

परदेशात जाऊन वर्षभर तिथल्या मुलामुलींबरोबर स्वयंसेवी काम करायचं आणि परतताना आपल्याला आयुष्यात काय करायचंय ते शोधून आणायचं, ही युरोपातल्या मुलींची रुळलेली वाट आहे. जर्मन सरकारने तर २००८ साली त्यासाठी 'वेल्टवेर्ट्स' नावाची योजनाच काढली. अशा मुली आपल्या देशातल्या बालवाड्यांत, वसतिगृहांत, किशोरींच्या गटांत येतात, मनापासून काम करतात. घरी गेल्यावर त्या वर्षाला 'अनुभव' म्हणतात. कुणी त्या बळावर समाजकार्याच्या शिक्षणाकडे वळते, कुणी शिक्षिका होते. याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे.

मी नांदेड-लातूर भागात किशोरींच्या गटांबरोबर काम करते. इथल्याही मुली हेच काम करतात. गट बांधतात, शाळा सुटलेल्या पोरीला पुन्हा शाळेत नेऊन बसवतात, कोवळ्या वयात ठरलेलं लग्न मोडावं म्हणून भावकीशी भांडतात. पण त्यांच्या कामाचं नाव 'सेवा'च राहतं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या की नोकरीच्या अर्जात लिहितात, 'अनुभव नाही'. काम एकच असताना एकीचा अनुभव आणि दुसरीची सेवा, हे कसं?

याची सवय आपल्याला सरकारनेच लावली आहे. १९७५ साली अंगणवाडी सुरू झाली, तेव्हापासून तिथल्या बाईला पगार नाही, मानधन. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, तेही २०२२ साली. २००५ नंतर आलेली आशा ही तर कागदोपत्री स्वयंसेविकाच. २०२२ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. जगाने पाठ थोपटली तरी कामगार म्हणून मान्यतेसाठी आशांना मोर्चेच काढावे लागतात.

स्वयंसेवी कामातून बाईची नवी वाट घडू शकते, हे सिद्ध करायला जर्मनीचा दाखला नको. आपल्या किल्लारीचा पुरे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचा मोठा कार्यक्रम झाला. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेमार्फत गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. घर भूकंपाला कसं टिकेल हे त्या शिकल्या, इंजिनियरशी बोलू लागल्या, बांधकामावर लक्ष ठेवू लागल्या. पुढे त्यांच्यातल्या कित्येकींनी बचत गट उभे केले, कुणी ग्रामपंचायतीत गेल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या. तुर्कस्तानातल्या भूकंपग्रस्त बायकांबरोबरही त्यांची देवाणघेवाण झाली. उंबऱ्याबाहेर पडायला ज्यांना परवानगी लागत होती, त्यांचा अनुभव परमुलखात कामी आला. कारण त्यांच्या कामाला नाव होतं, जबाबदारी होती, शिक्षण होतं.

आज वाट पूर्वीइतकी बंद नाही. २०१३ पासून 'वेल्टवेर्ट्स' योजनेतून उलट्या दिशेनेही जाता येतं. आपल्यासारख्या देशांतले तरुण वर्षभर जर्मनीत स्वयंसेवक म्हणून राहू शकतात. राहणं-जेवण, विमा, हातखर्च मिळतो. २०१६ च्या अखेरीस बदललेल्या नियमांनुसार पासपोर्टवर आई किंवा वडील, एकाचंच नाव चालतं, म्हणजे एकल आईच्या लेकीची अडवणूक संपली. पण अशा योजनांमध्ये मुलीला पाठवायला इथली एखादी संस्था लागते. ही माहिती पुण्या-मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलींपर्यंत पोचते. मुखेड किंवा निलंग्याच्या ऊसतोड कामगाराच्या लेकीपर्यंत ती कोण नेणार? आणि अठराव्या वर्षाच्या आतच तिचं लग्न उरकलं, तर योजनेचा काय उपयोग?

म्हणून संघटनांमधल्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे. परदेशी मुलगी आपल्याकडे आली की तिला जातांना आपण प्रमाणपत्र देतो. तसंच आपल्या गावातल्या कार्यकर्तीलाही द्या. तिने किती गट चालवले, कोणतं प्रशिक्षण घेतलं, कोणती प्रकरणं हाताळली, सगळं त्यात लिहा. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तिचा पगार आधी धरा, फलक-पत्रकांचा खर्च मग. आणि ज्या परदेशी संस्था आपल्याकडे मुली पाठवतात त्यांना विचारा, आमच्या किती नेता? त्यांची एक आली तर आपलीही एक गेली पाहिजे, आणि परत आल्यावर तिच्यासाठी आपल्याकडे पगाराचं काम असलं पाहिजे.

आपणच आपल्या मुलींच्या कामाला सेवा म्हणत राहिलो, तर सरकारशी भांडायचं कोणत्या तोंडाने?