वृत्तिदर्शक क्रियापदांचा शेजार

इंग्रजी शिकविणाऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकांत एक कोष्टक अनेक पिढ्या चालत आले आहे. डावीकडे ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ ही साहाय्यक क्रियापदे आणि उजवीकडे त्यांच्यासमोर ‘शकणे’, ‘कदाचित’, ‘पाहिजे’, ‘हवे’ हे मराठी प्रतिशब्द. कोष्टक पाठ करण्यास सोपे आहे व परीक्षेपुरते ते चालतेही. परंतु भारतीय साहित्याचे इंग्रजी अनुवाद अथवा इंग्रजी ग्रंथांचे भारतीय भाषांतील अनुवाद ज्यांना ओळीस ओळ लावून तपासावे लागतात, त्यांचा अनुभव असा की, अनुवादातील सर्वांत चिवट चुका नामांच्या वा विशेषणांच्या नसून ह्याच दहाबारा लहानग्या शब्दांच्या असतात. ‘वटसावित्री’ला तळटीप देता येते, ‘आला असावा’ ह्याला कोणी तळटीप देत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते दोष कोष्टकातील प्रतिशब्दांचा नाही, कोष्टकाच्या कल्पनेचाच आहे. इंग्रजीतील वृत्तिदर्शक क्रियापदाचा अर्थ त्याच्या एकट्याच्या ठायी ठरत नाही. पुढे येणारे क्रियापद कोणत्या जातीचे आहे, त्याचे रूप कोणते आहे आणि मध्ये अथवा आसपास कोणते क्रियाविशेषण बसले आहे, ह्यावर तो ठरतो.

ह्या शब्दांचा पूर्वेतिहास पाहिला तर ते एकेकाळी स्वतंत्र क्रियापदे होती. प्राचीन इंग्रजीत ‘कॅन’च्या पूर्वरूपाचा अर्थ ‘जाणणे’ असा होता, ‘मे’च्या पूर्वरूपाचा ‘समर्थ असणे’ आणि ‘शॅल’च्या पूर्वरूपाचा ‘देणे लागणे’. पुढे त्यांचे स्वातंत्र्य गेले. त्यांना तृतीय पुरुषी प्रत्यय लागत नाही, त्यांचे भाववाचक रूप होत नाही आणि प्रमाण इंग्रजीत अशी दोन क्रियापदे शेजारी शेजारी बसत नाहीत. (स्कॉटलंडच्या व अमेरिकेच्या दक्षिण भागातील बोलींत ‘माइट कुड’ असे जोडप्रयोग आजही ऐकू येतात, हे जाता जाता नमूद करावे.) मराठीला असे कोणतेच सोवळे नाही. ‘त्याला हे करता यायला हवे होते’ असे आपण सहज म्हणतो. तेथे सामर्थ्य, अपेक्षा आणि अपेक्षाभंग एकापुढे एक रांगेने उभे राहतात. एकाच जागी एकच शब्द बसवावयाचा असल्यामुळे इंग्रजीने उरलेले काम शेजाऱ्यांवर सोपविले आहे.

‘मस्ट’चे उदाहरण घ्यावे. ‘ही मस्ट गो’ म्हणजे ‘त्याला गेले पाहिजे’. परंतु ‘ही मस्ट बी टायर्ड’ म्हणजे ‘तो थकला असणार’. शब्द तोच, पण गतिवाचक क्रियापदाबरोबर तो बंधन सांगतो व स्थितिवाचकाबरोबर अनुमान. पुढे ‘हॅव’ आणि भूतकालवाचक धातुसाधित आले की बहुधा अनुमानच उरते : ‘ही मस्ट हॅव गॉन’, म्हणजे ‘तो गेला असणार’. येथवर नियम सरळ वाटतो. पण ‘मस्ट’च्या जागी ‘शुड’ ठेवताच वारे फिरते. ‘ही शुड हॅव गॉन’ म्हणजे ‘त्याने जायला हवे होते’, अर्थात तो गेला नाही. आणि ह्याच घडणीच्या वाक्यात ‘पोचणे’ हे क्रियापद व ‘बाय नाऊ’ हे क्रियाविशेषण घातले की पुन्हा अनुमान डोके वर काढते : ‘एव्हाना तो पोचलेला असायला हवा’. जेनिफर कोट्स ह्यांनी 1983 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रत्यक्ष वापरातील वाक्यांच्या आधारे हे दाखविलेच होते की, पूर्णवाचक रूप, अपूर्णवाचक रूप, स्थितिवाचक क्रियापद आणि निर्जीव कर्ता ही अनुमानार्थाची सोबती आहेत. आमच्या अध्यापनात ह्या निष्कर्षाचा शिरकाव अद्याप व्हावयाचा आहे.

‘कॅन’ आणि इंद्रियबोधाची क्रियापदे ह्यांची जोडी तर आपल्या अनुवादांत नित्य फसते. ‘आय कॅन सी’ ह्यात सामर्थ्याचा दावा नाही. डोळ्यांपुढे काही आहे, एवढेच विधान आहे. मराठीत त्याला ‘मला दिसते’ हे तयार आहे. तरीही ‘मी समुद्र पाहू शकत होतो’, ‘ती घंटानाद ऐकू शकत होती’ अशी वाक्ये छापली जातात आणि वाचणाऱ्याला उगीच वाटते की, पात्राचे डोळे वा कान नुकतेच बरे झाले असावेत. मराठीने सामर्थ्याच्या छटा वेगवेगळ्या घरी ठेवल्या आहेत. पोहण्याची विद्या असेल तर ‘तिला पोहता येते’, उद्या सवड असेल तर ‘ती येऊ शकते’, देहाची ताकद संपली असेल तर ‘आजोबांना जिना चढवत नाही’. ह्या शेवटच्या प्रकारास आपले व्याकरणकार शक्य क्रियापद म्हणतात आणि इंग्रजीत त्याला स्वतंत्र जागा नाही. उलट दिशेची चूकही तितकीच सार्वत्रिक आहे. ‘मी गाडी पकडू शकलो’ ह्याचे ‘आय कुड कॅच द ट्रेन’ असे इंग्रजी भारतभर ऐकू येते. आपले ‘शकलो’ गाडी खरोखर मिळाली असे सांगते. इंग्रजी ‘कुड’ अशा एका घटनेबाबत ती हमी देत नाही, तेथे ‘मॅनेज्ड टू’ लागते. नकारात मात्र ‘कुड नॉट’ चालते आणि ‘कुड सी’ होकारातही चालते. म्हणजे पुन्हा शेजारच.

क्रियाविशेषणांकडे वळले की प्रश्न अधिक नाजूक होतो. जॉन लायन्स ह्यांनी 1977 साली वृत्तिदर्शक क्रियापद व क्रियाविशेषण ह्यांच्या सुसंवादाची कल्पना मांडली. ‘मे’ आणि ‘पॉसिबली’ ह्यांची पायरी एकच, म्हणून ती दोन मिळून एकच शंका बोलतात. ‘मे’ आणि ‘सर्टन्ली’ ह्यांची पायरी जुळत नाही; म्हणून ‘यू मे सर्टन्ली गो’ असे ऐकताच इंग्रज श्रोता शक्यतेचा अर्थ सोडून अनुज्ञेचा अर्थ घेतो : ‘तुम्ही खुशाल जा’. क्रियाविशेषणाने येथे क्रियापदाचा अर्थच निवडून दिला. ‘वेल’ ह्या इवल्या शब्दाने ‘मे’ची शंका खात्रीकडे झुकते, ‘ॲज वेल’ लागले की ‘माइट’मधील शक्यता विरून ‘आता गेलेलेच बरे’ असा काहीसा निरुपाय उरतो. जागेचाही प्रश्न आहे. ‘आय सिंप्ली कान्ट ॲक्सेप्ट इट’ म्हणजे ‘मला हे मुळीच मान्य होणार नाही’. ‘आय कान्ट सिंप्ली ॲक्सेप्ट इट’ म्हणजे ‘मला हे नुसते मान्य करून भागणार नाही’. एक शब्द एक घर सरकला आणि ठाम नकाराच्या जागी पुढील विचाराची तयारी आली.

आता मराठीची रीत पाहावी. ‘कदाचित आला असेल’, ‘बहुधा आला असेल’, ‘नक्की आला असेल’ ही तिन्ही वाक्ये निर्दोष आहेत. ‘असेल’ हे रूप फक्त एवढेच सांगते की, हे डोळ्यांनी पाहिलेले नाही, तर्काने बोलत आहे. तर्क किती पक्का, हे क्रियाविशेषण सांगते. इंग्रजीत हे वजन प्रामुख्याने वृत्तिदर्शक क्रियापद उचलते आणि क्रियाविशेषण त्याला साथ देते. म्हणून ‘कदाचित आला असेल’ ह्यास ‘मे हॅव कम’ आणि ‘नक्की आला असेल’ ह्यास ‘मस्ट हॅव कम’. क्रियाविशेषण गाळले तरी चालते, किंबहुना बहुतेक वेळा गाळावेच. शब्दास शब्द ठेवणारा अनुवादक ‘ही मे हॅव सर्टन्ली कम’ असे काही लिहून बसतो, आणि निवेदकाची खात्री इंग्रजी वाचकाला गोंधळ म्हणून भेटते. त्यात ‘असावा’ची आणखी एक छटा आहे. रस्ता ओला दिसतो, म्हणून ‘पाऊस पडून गेला असावा’. काहीतरी खूण पाहून केलेले हे अनुमान आहे. ‘च’ आणि ‘म्हणे’ ह्यांचा हिशेब तर वेगळाच. मराठी कथेतील निवेदकाचा स्वभाव पुष्कळदा ह्या रूपांतच वसलेला असतो. ती सरसकट ‘परहॅप्स’मध्ये ओतली की गावातला चौकस म्हातारा आणि शहरातला संशयी कारकून एकाच आवाजात बोलू लागतात. हिंदीचे ‘आया होगा’ मराठीच्या जवळचे आहे. कन्नडचे ‘बहुदु’ आणि तमिळचे ‘लाम्’ मात्र अनुज्ञा व शक्यता एकाच प्रत्ययात बांधतात आणि त्या अंगाने इंग्रजी ‘मे’ला अधिक जवळचे ठरतात. अनुवादाची अडचण सर्व भारतीय भाषांना सारखी नाही, ती ज्या त्या भाषेत स्वतंत्रपणे तपासावी लागेल.

हा केवळ साहित्यिकांचा छंद नव्हे. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या चौथ्या कलमात ‘मे प्रिझ्यूम’ व ‘शॅल प्रिझ्यूम’ ह्या जोडशब्दांच्याच व्याख्या दिल्या होत्या. पहिल्यात न्यायालय एखादी गोष्ट सिद्ध मानू शकते किंवा तिचा पुरावा मागू शकते. दुसऱ्यात ती खोटी ठरेपर्यंत सिद्ध मानण्यावाचून त्यास गत्यंतर नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ह्या व्याख्या दुसऱ्या कलमात जपल्या आहेत. सुट्या शब्दाचा भरवसा नाही, जोडीचीच व्याख्या केली पाहिजे, हे कायदा करणाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वी कळले होते! हिंदी विधिभाषेने ह्यांस ‘उपधारणा कर सकेगा’ आणि ‘उपधारणा करेगा’ असे म्हटले. शिस्त म्हणून ते ठीक आहे. पण साधा वाचक ‘करेगा’मध्ये आज्ञा न वाचता भविष्यकथन वाचतो, आणि ‘सकेगा’मध्ये विवेकाधिकार न वाचता क्षमता. त्यातही इंग्रजी ‘मे’ला परिस्थितीनुसार ‘शॅल’प्रमाणे बंधनकारक मानण्याचा प्रघात न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकापासून पाळला आहे, त्याचे प्रतिबिंब कोणत्या प्रत्ययात दाखवावे, हा प्रश्न राहतोच.

इकडे इंग्रजीही स्थिर राहिलेली नाही. 1961 व 1991 ह्या वर्षांतील लिखित मजकुरांची तुलना करून जेफ्री लीच व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली दाखविले की, ‘मस्ट’, ‘शॅल’ व ‘मे’ ह्यांचा वापर घटत गेला; विशेषतः ‘मस्ट’चा बंधनार्थ मागे सरला आणि ‘नीड टू’सारखी रूपे पुढे आली. ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’ हे आमच्या मुलांना पहिल्या दिवशी शिकविले जाते, आणि नेमका तोच अर्थ त्या भाषेच्या घरी ओसरतो आहे.

तेव्हा द्वैभाषिक कोशांच्या संपादकांकडे मागणे एवढेच की, पुढील आवृत्तीत ‘मस्ट’ची नोंद एका शब्दाची ठेवू नये. ‘मस्ट’ आणि स्थितिवाचक क्रियापद, ‘मस्ट’ आणि पूर्णवाचक रूप, ‘मस्ट’ आणि ‘शुअरली’ अशा स्वतंत्र उपनोंदी द्याव्यात, आणि प्रत्येकीसमोर मराठीचे संपूर्ण वाक्य असावे. ‘मस्ट नॉट’पुढे ‘करता कामा नये’ आणि ‘नीड नॉट’पुढे ‘करण्याची गरज नाही’ एवढे दोन फरक जरी छापून आले, तरी अनुवाद तपासणाऱ्यांचे निम्मे काम हलके होईल.