फाईलमधील इंग्रजी आणि आपली प्रकृती

सदाशिव पेठेतील माणूस भाषेच्या बाबतीत फार काटेकोर. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर तो आत जाऊन सांगेल. परंतु हाच माणूस डॉक्टरांकडून परतताना हातातल्या फाईलमधील चार इंग्रजी शब्दांचा अर्थ विचारीत नाही. माझा दवाखाना याच पेठेत आहे. जिल्ह्याच्या गावांतूनही रुग्ण येतात. या एका बाबतीत पेठकर आणि गावकरी दोघेही सारखेच! हा संकोच प्रकृतीला महाग पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘क्रॉनिक’ आणि ‘अ‍ॅक्यूट’ हे शब्द घ्या. ‘क्रॉनिक’ ऐकले की घरची मंडळी हवालदिल होतात. ‘अ‍ॅक्यूट’ मात्र किरकोळ वाटते. ग्रीक भाषेत ‘क्रोनोस’ म्हणजे काळ. त्यावरून क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चालणारा, आपल्या भाषेत जुनाट. मधुमेह, दमा हे असे आजार. त्यात घाबरण्यापेक्षा नियमित औषध महत्त्वाचे. ‘अ‍ॅक्यूट’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘टोकदार’ हा अर्थ आहे. म्हणजे आजार अचानक व तीव्रतेने उद्भवलेला. ‘अ‍ॅक्यूट अपेंडिसायटिस’ लिहिलेला कागद उशाशी ठेवून सकाळची वाट पाहणे धोक्याचे आहे.

दुसरा शब्द ‘स्ट्रोक’. याचा साधा अर्थ तडाखा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत या आजाराला देवाच्या हाताचा तडाखा म्हणत. आपला ‘पक्षाघात’ हा शब्दही तेच सांगतो. पक्ष म्हणजे बाजू, तिच्यावर झालेला आघात. पण हल्ली नुसते ‘अटॅक आला’ म्हणतात आणि सर्वांचे लक्ष छातीकडे जाते. स्ट्रोक हा मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा आजार आहे. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी मेंदूचा सी.टी. स्कॅन करावा लागतो. तेलाच्या मालिशीत सकाळ घालवली तर ही वेळ टळून जाते.

मात्र शब्दाचा जुना अर्थ म्हणजे वैद्यकशास्त्र नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ‘मलेरिया’ हा मूळचा इटालियन शब्द, अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीच्या दूषित हवेने हा ताप येतो, असा पूर्वी समज होता. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात या रोगाचे जंतू शोधले. समज गेला, नाव राहिले. ‘हिस्टेरिया’ हा शब्द तर ग्रीक भाषेतील गर्भाशयावरून आलेला. बायकांचा हा विकार गर्भाशयातून उद्भवतो, अशी जुनी समजूत होती. आधुनिक मनोविकारशास्त्राने हे नाव निदानातून काढून टाकले आहे. तरीही सुनेला झटके आले की ‘हिस्टेरिया असेल’ म्हणून दुर्लक्ष करणारी घरे आजही आहेत. ते झटके अपस्माराचे असू शकतात. अपस्मारावर चांगली औषधे आहेत.

काही डॉक्टर म्हणतात, लोकांना हे समजत नाही. मला ते पटत नाही. २०२० च्या करोना साथीत ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे आजार सापडला, हे खेड्यातल्या आजीलाही कळले. कारण ते पुन्हा पुन्हा सांगितले गेले. याच पेठेतल्या विश्रामबाग वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे तिचा कारभार पाहणारे थॉमस कँडी यांनी मोल्सवर्थ यांनी आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश पूर्ण केला. तो १८४७ साली छापला गेला. परक्या मुलखातून आलेल्या माणसांनी आपली भाषा शिकून एवढे कष्ट घेतले. मग आपल्याच रुग्णाला आपल्याच भाषेत दोन वाक्ये सांगायला आम्हा डॉक्टरांना जड का जावे? ‘डॉक्टर’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी शिकवणारा असा आहे. येथे अवघड संस्कृत प्रतिशब्दांचा आग्रह नाही. इंग्रजी शब्द खुशाल राहू द्या, पण त्याचा अर्थ रुग्णाला कळला पाहिजे.

वाचकांनी पुढच्या वेळी दवाखान्यातून उठण्यापूर्वी तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. माझ्या आजाराचे नाव काय आणि त्याचा मराठीत अर्थ काय? उपचार आजच हवेत की थांबता येईल? औषध किती दिवस घ्यायचे? उत्तरे फाईलच्या मागील बाजूस मराठीत लिहून घ्यावीत. विचारण्यात कमीपणा मुळीच नाही.